‘गेट’ म्हणजे नक्की काय: मिळणं, होणं, पोहोचणं की कळणं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजीतल्या ‘गेट’ या क्रियापदाचा खरा अर्थ कोणता? शब्दकोश उघडला की मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे अशी रांगच लागते. त्यातला मूळ अर्थ कुठला, हा शब्द आला कुठून, आणि शाळेत बाई ‘निबंधात गेट वापरायचा नाही’ म्हणायच्या ते बरोबर होतं का?

बाईंचा मुद्दा शेवटी घेतो.

वीसेक वर्षं मी भाषांतरं करतोय आणि मोठ्या वयात इंग्रजी शिकणाऱ्यांना शिकवतोय. या एका शब्दावर मी जितक्या वह्या लाल केल्या तितक्या दुसऱ्या कशावर केल्या नसतील. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक चुका शब्द माहीत नसल्याच्या नसतात. मराठी वाक्य आहे तसं उचलून इंग्रजीत ठेवलं की त्या होतात. त्यामुळे उत्तरात मराठी बरीच येणार, त्याला इलाज नाही.

आधी उच्चाराचं एक सांगून टाकतो. देवनागरीत ‘गेट’ लिहिलं की फाटकाचं गेट डोळ्यांसमोर येतं. फाटकाच्या गेटमधला ‘ए’ लांब असतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो. क्रियापदातला ‘ए’ आखूड, म्हटला की संपला. दोन्ही एकसारखे म्हटले तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. रूपं गेट, गॉट, गॉट. अमेरिकेत तिसरं रूप ‘गॉटन’, त्याच्याकडे नंतर येऊ.

आता अर्थ. एका परदेशी गृहस्थांना मी काही महिने मराठी शिकवत होतो. एक दिवस ते वहीत एक यादी घेऊन आले. भूक लागली. ठेच लागली. नोकरी लागली. दार लागलं. पोर रडायला लागलं. मला जावं लागलं. ती माझी मावशी लागते. खाली प्रश्न: ‘या क्रियापदाचा अर्थ काय?’ मी हसलो, आणि मग लक्षात आलं की आपल्याकडे उत्तर तयार नाही. आपण दिवसातून पन्नास वेळा हा शब्द वापरतो, पण तो कसा चालतो ते कधी बघितलेलं नसतं. संस्कृतातला ‘लग्’ हा धातू म्हणजे चिकटणं. तिथून सुरुवात केली. भूक येऊन चिकटते, ठेच पायाला भिडते, नोकरीला माणूस चिकटतो, दाराची फळी चौकटीला टेकते, नको असलेलं जाणं गळ्यात पडतं, मावशी नात्यानं जोडलेली असते. पुढचे दोन-तीन उपयोग त्यांनी स्वतःच सोडवले.

‘गेट’ हा इंग्रजीतला असाच शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘पकडीत घेणं, हाती लागणं’. आणि त्यातून निघालेली, सगळीकडे पुरणारी गोष्ट एवढीच: आधी नव्हतं, आता आहे. ‘आहे’ सांगायला इंग्रजीकडे दुसरी क्रियापदं आहेत. ‘गेट’ सांगतो तो ‘नाही’मधून ‘आहे’मध्ये येण्याचा क्षण. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी आहे, ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. ‘आय अ‍ॅम टायर्ड’ म्हणजे मी दमलेलो आहे, ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे दमलो. ‘आय अ‍ॅम होम’ म्हणजे घरी आहे, ‘आय गॉट होम’ म्हणजे घरी पोहोचलो. ‘आय नो’ म्हणजे मला माहीत आहे, ‘आय गेट इट’ म्हणजे हं, आत्ता कळलं. मिळणं, होणं, पोहोचणं, कळणं हे चार वेगळे अर्थ पाठ करायची गरज नाही. वस्तू हाती आली की मिळणं, अवस्था आली की होणं, ठिकाण आलं की पोहोचणं, मुद्दा हाती आला की कळणं. ‘गेट’पुढे काय ठेवलंय ते बघा, अर्थ तिथे असतो.

आता उगम. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, तेव्हा जरा रेंगाळतो.

आजच्या रूपातला ‘गेट’ इंग्रजीचा घरचा नाही. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातले लोक, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो, इंग्लंडच्या किनाऱ्यांवर आधी लुटालूट करायला आले आणि नवव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वस्ती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेत ‘गेटा’ हे क्रियापद होतं. अर्थ मिळवणं, गाठणं, अपत्य होणं, आणि अंदाज बांधणंसुद्धा. शेजारी राहता राहता, लग्नसंबंध होता होता शब्द इकडचे तिकडे झाले. इंग्रजी लेखनात ‘गेट’ साधारण १२०० च्या सुमारास दिसू लागतो. ‘दे’, ‘टेक’, ‘स्काय’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘हजबंड’ हे शब्दही याच वाटेनं आलेले.

इंग्रजीकडे स्वतःचा भाऊबंद नव्हता असं नाही. जुन्या इंग्रजीत याच धातूचं रूप होतं, पण ते एकटं उभं राहत नसे. पुढे उपसर्ग लावूनच येई. एकाचा अर्थ मिळवणं, एकाचा विसरणं, एकाचा उमजणं. त्यातलं विसरण्याचं रूप म्हणजेच आजचं ‘फर्गेट’. मजा उच्चारात आहे. जुन्या इंग्रजीत ‘इ’, ‘ए’ या स्वरांआधीचा ‘ग’ मऊ होऊन ‘य’ झाला होता. ‘यलो’, ‘यार्ड’, ‘यस्टर्डे’ हे शब्द पूर्वी ‘ग’च्याच अक्षरानं लिहिले जात, जर्मन भाषेत पिवळ्याला आणि ‘काल’ला आजही ‘ग’नंच सुरुवात होते. म्हणजे नॉर्स शेजारी आले नसते तर इंग्रज आज बहुधा ‘येट’ आणि ‘फर्येट’ म्हणत बसले असते. मधल्या काळातल्या हस्तलिखितांत ‘य’वाली रूपं खरोखर सापडतात. ‘गेट’मधला खणखणीत ‘ग’ हा नॉर्स शिक्का आहे. ‘गिव्ह’चंही तेच.

या ‘ग’ आणि ‘य’च्या भांडणाचा एक किस्सा इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन यानं १४९० मध्ये एका प्रस्तावनेत लिहून ठेवलाय. काही व्यापारी थेम्स नदीतून समुद्रापार निघालेले, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकानं घरधनिणीकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. मग दुसऱ्यानं ‘आयरन’ मागितली, तेव्हा बाई म्हणाली, हां, आता कळलं. ‘एग’ हा नॉर्स शब्द, ‘आय’ हा जुना इंग्रजी. ‘आयरन’ त्याचं अनेकवचन. दोन्हींचा अर्थ अंडं. पंधरावं शतक संपत आलं तरी एकाच देशात दोन्ही चालू होते. शेवटी ‘ग’ जिंकला. ‘गेट’च्या बाबतीतही.

‘फर्गेट’चा ‘फर’ म्हणजे दूर, निसटून. हातात होतं ते निसटलं, म्हणजे विसरलं. आपलं ‘विस्मरण’ याच पद्धतीनं बनलंय: स्मरणाला ‘वि’ लावला आणि ते उलटं झालं. ‘बिगेट’ म्हणजे अपत्याला जन्म देणं. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात अमक्यानं तमक्याला ‘बिगॅट’ अशी लांबलचक वंशावळ आहे, आणि त्याच भाषांतरात ‘गॉट’ऐवजी ‘गॅट’ हे जुनं भूतकाळी रूपही भेटतं. अपत्याच्या या अर्थातून ‘गेट’ हे नामही झालं. घोड्यांची पैदास करणारे आजही एखाद्या घोड्याच्या संततीला ‘गेट’ म्हणतात. त्याच नामाची घसरण होत होत उत्तरेकडे ती शिवी झाली, आणि तिचंच रूप म्हणजे ब्रिटिशांच्या तोंडचं ‘गिट’, साधारण आपलं ‘बावळट कुठला’, जरा जास्त तिखट. ‘गेस’, म्हणजे अंदाज करणं, हासुद्धा याच घरातला: जे अजून हाती आलेलं नाही ते पकडू पाहणं. आइसलँडच्या भाषेत मूळचं ‘गेटा’ अजून जिवंत आहे, पण तिथे त्याचा मुख्य अर्थ ‘शकणं’ झालाय. जमलं, हाती आलं, म्हणजे करता आलं.

आणखी मागे गेलं तर याच मुळातून लॅटिनमध्ये ‘प्रेहेंडेरे’, म्हणजे पकडणं, हे क्रियापद झालं. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले ‘प्रिझन’, ‘सरप्राइज’, ‘अप्रेंटिस’, आणि ‘कॉम्प्रिहेंड’. म्हणजे ‘आय गेट इट’ हे गल्लीतलं आणि ‘आय कॉम्प्रिहेंड’ हे दरबारातलं, पण दोघं चुलत भाऊ, आणि दोघांनीही ‘पकडणं’वरून ‘समजणं’ गाठलं. आपण ‘ग्रहण करणे’ म्हणतो त्यातही ‘ग्रह्’ म्हणजे पकडणंच आहे. मराठीतलं ‘घेणे’ याच ‘ग्रह्’पासून प्राकृतातून आलेलं. ‘घेणे’ आणि ‘गेट’ कानाला सख्खे वाटतात म्हणून सांगतो, त्यांचं नातं नाही. एका वर्गात एका काकांनी हे नातं फार उत्साहानं फळ्यावर मांडलं होतं. त्यांचा विरस करायला मलाच जिवावर आलं.

वापराकडे येऊ. मराठी माणसाला ‘गेट’ अवघड जातो याचं कारण माझ्या मते ‘मला’ हा शब्द आहे. मला पत्र मिळालं. मला राग आला. मला सर्दी झाली. मला कंटाळा आला. मला कळलं. या प्रत्येक वाक्यात कर्ता पत्र, राग, सर्दी हे आहेत. मी बिचारा ‘ला’ लावून बाजूला उभा. इंग्रजीत माणूस कर्त्याच्या खुर्चीवर बसतो: ‘आय गॉट युअर लेटर’, ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट अ कोल्ड’, ‘आय गॉट बोअर्ड’. पूर्वी इंग्रजीतही आपल्यासारखं होतं. ‘मिथिंक्स’ हा जुन्या नाटकांतला शब्द म्हणजे अक्षरशः ‘मला वाटतं’, आणि भूक लागल्याचंही त्या काळी ‘मला’ म्हणूनच सांगत. ती रचना गेली. तेव्हा मी विद्यार्थ्यांना सांगतो, मराठी वाक्य ‘मला’नं सुरू झालं आणि त्यात काहीतरी नव्यानं घडलं असेल, तर इंग्रजीत ‘गेट’ कुठेतरी डोकावतोय का ते बघा.

दोन ठिकाणी मात्र ही युक्ती तोंडघशी पाडते. पहिलं, ‘मला उशीर होतोय’. सगळे ‘आय अ‍ॅम गेटिंग लेट’ म्हणतात. आपल्या आपल्यात ते खपतं, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला खटकतं. तिथे माणूस ‘रनिंग लेट’ असतो. ‘गेटिंग लेट’ होते ती वेळ. ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे बराच वेळ झाला, आता आवरू या. दुसरं, ‘मला कळलं की तुम्ही नोकरी सोडली’. आपण म्हणतो ‘आय गॉट टू नो’. पण ‘गेट टू नो’ म्हणजे हळूहळू ओळख होत जाणं, बहुधा माणसाची किंवा जागेची. बातमी कळली असेल तर ‘आय हर्ड’ किंवा ‘आय फाउंड आउट’. आणि न समजल्याचं सांगताना ‘आय अ‍ॅम नॉट गेटिंग यू’ नको, ‘आय डोंट गेट इट’ पुरे.

‘होणं’ या अर्थी एक खड्डा आहे. ‘गेट’पुढे विशेषण चालतं: गेट ओल्ड, गेट डार्क, गेट रिच. नाम ठेवलंत की अर्थ लगेच ‘मिळणं’कडे उडी मारतो. ‘मला डॉक्टर व्हायचंय’ याचं ‘आय वाँट टू गेट अ डॉक्टर’ केलं तर समोरचा धावत जाऊन डॉक्टर घेऊन येईल. तिथे ‘बिकम’ लागतं. ‘बिकम’चा जुना अर्थही ‘येऊन पोहोचणं’ असाच होता, आणि त्याचा जर्मन जुळा ‘बेकोमेन’ आजही ‘मिळणं’ या अर्थानं वापरतात. पोहोचणं, मिळणं, होणं या तीन गोष्टी भाषा पुन्हा पुन्हा एकाच दोरीत का बांधतात, ते आता दिसत असेल.

आता ‘करून घेणं’. नवखा असताना मी एका परदेशी सहकाऱ्याला सांगितलं, ‘आय कट माय हेअर यस्टर्डे’. तो माझ्या डोक्याकडे बारकाईनं बघत म्हणाला, मागची बाजूसुद्धा छान जमलीय तुम्हाला. मला अर्धा दिवस लागला ते कळायला. मराठीत ‘मी काल केस कापले’ म्हटलं तर कुणी आरसा आणि कात्री डोळ्यांसमोर आणत नाही. इंग्रजीत आणतात. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ हवं, म्हणजे कापून घेतले. मराठीनं या कामासाठी ‘घेणे’ पकडलं, इंग्रजीनं ‘गेट’. दोघींनी हाती धरण्याचाच शब्द निवडला. क्रम सांभाळा: वस्तू मध्ये, कृती शेवटी. ‘आय गॉट कट माय हेअर’ ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, कारण मराठीत ‘कापून घेतले’ एकमेकांना चिकटून येतं आणि हात आपसूक तसंच लिहितो.

माणसाकडून करून घेतलं तर? ‘आय गॉट हिम टू साइन’: मनधरणी केली, पाठपुरावा केला, सही मिळवली. ‘आय हॅड हिम साइन’: सांगितलं, त्यानं केली, कारण ते त्याचं कामच होतं. ‘आय मेड हिम साइन’: त्याची इच्छा नव्हती. मराठीत तिन्हींना ‘त्याच्याकडून सही करून घेतली’ म्हणता येतं, म्हणून भाषांतर करताना मी इथे नेहमी थांबतो आणि मागचा परिच्छेद पुन्हा वाचतो. ‘टू’ फक्त ‘गेट’बरोबर येतो. माझ्या डोक्यात त्याचं चित्र असं आहे की ‘गेट’मध्ये त्या माणसाला ढकलत एका ठिकाणापर्यंत न्यायचंय, आणि ‘टू’ हे ते ठिकाण. व्याकरणाच्या पुस्तकातलं कारण नव्हे हे, लक्षात ठेवायची खूण.

कर्मणी प्रयोगातला ‘गेट’ समजायला आणखी एक जुना शब्द लागतो. जुन्या इंग्रजीत ‘होणं’साठी ‘वेओर्थन’ असं क्रियापद होतं. संस्कृतातल्या ‘वृत्’शी, म्हणजे आपल्या ‘वर्तन’, ‘आवर्तन’मधल्या धातूशी त्याचं नातं आहे. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘वेर्डेन’ अजून कर्मणी प्रयोग चालवतो. इंग्रजीत मात्र ते क्रियापद मध्ययुगात मेलं आणि सगळा भार ‘बी’वर पडला. त्यामुळे ‘द विंडो वॉज ब्रोकन’ या वाक्यात काच फुटलेली होती की कुणी फोडली, हे कळत नाही. मराठीत ‘फुटली’ आणि ‘फुटलेली होती’ यांत गफलत होऊच शकत नाही. इंग्रजीला तो फरक पुन्हा हवासा झाला, आणि ‘गेट’ त्या रिकाम्या जागेत हळूहळू शिरला, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत चांगलाच रुळला. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हणजे फुटली, घटना झाली. ‘दे वेअर मॅरीड’ हे विवाहित होते असंही असू शकतं. ‘दे गॉट मॅरीड’ म्हणजे लग्न झालं. जाता जाता, ‘मॅरीड’पुढे ‘विथ’ नव्हे, ‘टू’.

हा ‘गेट’ बेरकी आहे. तो सहसा नशिबाच्या गोष्टींना लागतो, बरं किंवा वाईट काहीतरी ओढवलं अशा. गॉट कॉट, गॉट फायर्ड, गॉट प्रमोटेड. ‘हा पूल अमुक साली बांधला गेला’ या वाक्यात ‘गॉट बिल्ट’ लिहिलं तर पूल बांधला जाणं ही काहीतरी भानगड होती असा वास येतो. मराठीत ‘सापडला’ आणि ‘सापडला गेला’ यांतला फरक ज्याला जाणवतो त्याला हे सांगायला लागू नये.

‘टू’ आणि क्रियापद पुढे आलं की मराठी माणसाला चक्क फुकटचा फायदा आहे, पण तो कुणी घेत नाही. ‘मला सभेत बोलायला मिळालं नाही’ हे वाक्य दहा जणांना इंग्रजीत करायला दिलं तर नऊ जण ‘आय वॉज नॉट गिव्हन ऑपॉर्च्युनिटी’ करतात. नेमकं वाक्य आहे ‘आय डिडंट गेट टू स्पीक’. ‘-यला मिळणं’ म्हणजे ‘गेट टू’, शब्दाला शब्द. आणि याच्या अगदी शेजारी त्याचा उलटा अर्थ बसलाय. ‘आय गॉट टू स्पीक’: मला बोलायला मिळालं. ‘आय हॅव गॉट टू स्पीक’: मला बोलावंच लागणार. मिळणं आणि लागणं यांच्यात फक्त एक ‘हॅव’. बोलताना तो ‘हॅव’ आधी ‘व्ह’पुरता उरतो आणि मग गिळलाच जातो, ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं. तरी संभाषणात गोंधळ क्वचितच होतो, कारण एक झालेलं असतं आणि एक व्हायचं असतं.

‘हॅव गॉट’ म्हणजे नुसतं ‘आहे’ कसं झालं, हेही विचारतात. मराठीतलं ‘तो बसला आहे’ घ्या. रूप बघितलं तर क्रिया पूर्ण झालेली. अर्थ मात्र आत्ताचा, तो या क्षणी बसलेल्या अवस्थेत आहे. तसंच ‘मी ते मिळवलेलं आहे’, म्हणून ‘माझ्याकडे आहे’. पुढे मिळवणं विसरलं गेलं आणि बहीण, डोकेदुखी, निळे डोळे यांनाही ‘हॅव गॉट’ लागू लागलं. ती काही कुणी मिळवायला जात नाही. अमेरिकेत या दोन अर्थांसाठी दोन रूपं आहेत: ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ आहे, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळालं किंवा झालं. काही लोक ‘गॉटन’ला अमेरिकन बिघाड समजून नाकं मुरडतात. उलट आहे. ते जुनं रूप, सतराव्या शतकात वसाहती करायला गेलेल्यांबरोबर पलीकडे गेलं आणि तिथे टिकलं. इंग्लंडातच ते मागे पडलं. ‘फर्गॉटन’मध्ये ब्रिटिशांनीही ते सांभाळलंय. परीक्षेसाठी किंवा कामासाठी लिहीत असाल तर एक काहीतरी धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

ठिकाणाचं फार काही नाही. ‘गेट टू द स्टेशन’, पण ‘गेट होम’, ‘गेट देअर’. ‘होम’ आणि ‘देअर’ यांच्या पोटातच ‘ला’ आहे. ‘रीच’पुढे मात्र ‘टू’ कधीच नको. वाहनात जिथे उभं राहून चालता येतं किंवा ज्याच्यावर मांड टाकून बसायचं तिथे ‘गेट ऑन’, जिथे वाकून शिरायचं तिथे ‘गेट इन’. अप, ओव्हर, थ्रू, बाय अशा शेपट्या लावलेले वापर याच तर्कानं सुटतात: ‘गेट’ हलवतो, शेपटी दिशा सांगते. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारपणाच्या किंवा दुःखाच्या पलीकडे जाणं, ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं निभावणं. याद्या पाठ करू नका. एकच मला आवडतो म्हणून सांगतो, ‘गेट अवे विथ’. त्यासाठी परिच्छेदभर स्पष्टीकरण देतात. मराठीत तीन अक्षरं आहेत: पचणं. त्याला ते पचलं.

राहिला बाईंचा प्रश्न. बाईंचा राग समजण्यासारखा आहे. ‘गेट’ इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या दहा क्रियापदांत बसतो, आणि ज्याला शब्द सुचत नाही तो ‘गेट’वर भागवतो. अहवालात ‘रिझल्ट्स गॉट बेटर’पेक्षा ‘इम्प्रूव्ह्ड’ बरं, करारात ‘रिसीव्ह’च हवं. पण बंदी घातल्यामुळे एक वेगळाच आजार होतो. मला एका विद्यार्थ्यानं निरोपाच्या उत्तरात लिहिलं होतं, ‘आय ऑब्टेन्ड युअर मेसेज’. ‘ऑब्टेन’मध्ये खटपट आहे, परवानगी किंवा दाखला मिळवताना असते तशी. माझा निरोप त्यानं अर्ज-विनंत्या करून मिळवला असं ते वाचताना वाटलं. ‘गॉट युअर मेसेज’ एवढंच पुरलं असतं, आणि ते सभ्यही असतं.

गेल्या महिन्यात एका अहवालाचं भाषांतर तपासताना एका पानावर पाच ‘गेट’ सापडले. तीन बदलले: एक ‘रिसीव्ह’, एक ‘इम्प्रूव्ह’, एक ‘अराइव्ह’. चौथा होता ‘तीन कामगार यंत्रात अडकले’ या वाक्यात, ‘गॉट ट्रॅप्ड’. तो ठेवला, कारण ‘वेअर ट्रॅप्ड’ लिहिलं असतं तर आधीपासून अडकलेले होते की त्या क्षणी अडकले हे कळलं नसतं, आणि पुढची चौकशी नेमक्या त्याच क्षणाबद्दल होती. पाचवा एका कामगाराच्या जबाबातला, अवतरणात. तो म्हणाला होता, ‘आम्हाला बाहेर पडायलाच मिळालं नाही’. ‘वी नेव्हर गॉट टू लीव्ह’. त्याला हात लावला नाही.